मामाच्या पाठीवरच्या गेरूच्या रेषा

माझ्या मामाच्या पाठीवर मी गेरूने काढलेल्या रेषांबद्दल दोन हकीकती प्रचलित आहेत. एक पांढुर्ण्यात सांगितली जाते, दुसरी नागपुरात. पांढुर्ण्याची अशी की, फिजिओथेरपी शिकायला गेलेल्या भाच्याने कुठूनसे रक्षेचे एक यंत्र शिकून आणले, गोटमारीच्या दगडफेकीआधी ते मामाच्या पाठीवर रेखाटले आणि त्या वर्षी मामाला एकही गोटा लागला नाही. नागपूरची अशी की, शरीररचनाशास्त्राच्या फेरपरीक्षेला मी जो माणूस नेला त्याच्या पाठीवर उत्तरे आधीच काढलेली होती, आणि त्या जोरावर मी पास झालो. पहिली हकीकत सांगणारे मला मांत्रिक ठरवतात, दुसरी सांगणारे चोर. मामा आता हयात नाही, त्यामुळे दोघांनाही अडवणारा मीच उरलो आहे. गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांच्या फोनवरच्या गटात एका निवृत्त सहाध्याय्याने दुसरी हकीकत हसण्याच्या चिन्हांसकट पुन्हा लिहिली. तेव्हा काय घडले ते मीच लिहून ठेवलेले बरे.

मी सौंसरचा. वडील तहसील कचेरीत कारकून होते. मुलाने एकतर डॉक्टर व्हावे नाहीतर सरकारी नोकरीत लागावे, यापलीकडे त्यांना तिसरा मार्ग माहीत नव्हता. डॉक्टरकीला माझे गुण पुरले नाहीत. फिजिओथेरपी हा शब्द ऐंशीच्या दशकाच्या त्या पहिल्या वर्षांत सौंसरमध्ये कोणाच्या तोंडी नव्हता. बसस्टँडवरचा पानवाला दर सुटीत मला विचारी, “काय बे, मालिशचं कॉलेज कसं काय सुरू हाये?” आणि मी दर सुटीत त्याला फरक समजावून सांगे. वडिलांनी प्रवेशाला हरकत घेतली नाही, पण अट घातली. नापास झाल्यास एक संधी मिळेल. तीही गेली तर बोरगावला एका परिचिताच्या वजनकाट्यावर बसायचे. त्या परिचिताशी त्यांनी बोलूनही ठेवले होते. वडील धमकी देत नसत, व्यवस्था करत.

पहिल्या परीक्षेत मी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. इथे आणखी एक दुरुस्ती करून पुढे जातो. शवविच्छेदनाच्या दालनात मी चक्कर येऊन पडलो आणि अभ्यासावरून माझे मन उडाले, असे माझ्या नातेवाइकांत बोलले जाते. मी पडलो नाही. पडला तो माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा, जो आता गटात हसण्याची चिन्हे पाठवतो. मला त्या दालनाचे काही वाटले नाही. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत, बोटांचा वास जेवताना पोळीला लागे, एवढेच.

अडचण निराळी होती. शवाभोवती पहिल्या रांगेत मेडिकलची मुले चिमटे आणि सुऱ्या घेऊन उभी असत. आम्ही त्यांच्या मागे, टाचा उंचावून. आमच्या हाती येत ते त्यांनी सोलून, सोडवून ट्रेमध्ये ठेवलेले भाग: एखादा खांदा, एखादा पाय. त्यांत प्रत्येक स्नायू सुटा दिसे. तो कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणती नस त्याला चालवते, हे मी पाठ केले होते, आणि माझे पाठांतर वर्गात कोणाहून कमी नव्हते. प्रात्यक्षिकाला मात्र बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विभागातल्या शिपायाला सदरा काढून स्टुलावर बसवले आणि म्हणाले, “यांच्या स्कॅप्युलाची आतली कड दाखवा.”

स्कॅप्युला म्हणजे खांद्यामागचे त्रिकोणी, चपटे हाड; आमच्याकडे बैलाच्या बाबतीत त्याला फरा म्हणतात. शिपाई अंगाने भरलेला होता. मी बोट ठेवले.

“इथे?”

“हो, सर.”

“ही बरगडी आहे.” मग त्यांनी काखेच्या मागच्या स्नायूची कड विचारली. तीही मला सापडली नाही. ते चिडले नाहीत. “ट्रेमधलं सगळं येतं तुम्हाला,” ते म्हणाले. “तुम्हाला मेलेल्यांना व्यायाम द्यायचेत का?”

फेरपरीक्षा पोळ्याच्या पाठोपाठ होती. त्याआधी विभागात सूचना लागली की, शिपाई लांब रजेवर असल्याने प्रत्येक उमेदवाराने तपासणीसाठी आपापला माणूस आणावा. वडिलांना विचारले. “कचेरीतला माणूस चार डॉक्टरांपुढे उघडा बसत नसते,” एवढे बोलून ते जेवायला बसले. मग मी पांढुर्ण्याला मामाकडे गेलो.

मामाचे घर गावाच्या कडेला होते. मागे संत्र्यांची लहान बाग, गोठ्यात बैलजोडी. मामा चाळिशीचा, सुकलेल्या बाभळीसारखा. त्याच्या अंगावर चरबी अशी नव्हतीच. हात हलवला की पाठीवर काहीतरी सरकताना दिसे. पुस्तकातल्या चित्रातून उठून आलेला माणूस मला हवा होता आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ निघाला. त्याने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“चिरनार तं नाई ना बे?”

“नाही मामा. फक्त बोट लावणार.”

“मंग लाव. बोटानं कोनी मेला नाई आजवर.”

मागच्या ओट्यावर तो पाटावर बसे आणि मी त्याच्या पाठीवर खडूने हाडांच्या कडा काढी. श्रावणातला दमटपणा आणि मामाचा घाम यांत खडू टिकेना. एक बाजू पुरी होईतो दुसरी वाहून जाई. मामीने पोळ्यासाठी बैलांचा गेरू भिजवून ठेवला होता. मी तो वापरून पाहिला. वाळल्यावर त्याचे पोपडे पडले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जुवाखाली राबलेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी कोमट पाण्याने शेकतात आणि हळद-लोणी चोळून मऊ करतात. मामा ते करत होता आणि माझी खटपट बघत होता.

“पान्यातला गेरू झडतेच. शिंगाले लावतो तसा जवसाच्या तेलात कालव. पोळा होऊन पंधरा दिस शिंगं लाल राहतेत.”

मी कालवला. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला आणि दोन्ही फऱ्यांची बाह्यरेषा, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगासारखा उतरणारा ट्रॅपिझियस, कमरेपासून काखेत चढणारा लॅटिसिमस डॉर्साय हे सगळे नीट रेखले. मामी लोण्याची वाटी घेऊन आली आणि उभीच राहिली.

“बाप्पा! लोकं पोळ्याले बैल सजवतेत, यानं मामा सजवला.”

“ह्या बगलेमागच्याचं नाव का म्हनला?” मामाने विचारले.

“लॅटिसिमस डॉर्साय.”

“येवढं लांब! अन् काम?”

“वर गेलेला हात खाली ओढतो.”

“मंग कुऱ्हाड मारनारा म्हन ना सरळ.”

याच वेळी ती गोष्ट घडली जी माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि जी दोन्ही हकीकतींत मुळीच येत नाही. खुंटीवरची झूल काढायला मामा उठला आणि त्याने उजवा हात वर केला. मी काढलेली रेषा होती तिथेच राहिली; हाड तिच्यातून निघून गेले. फऱ्याचे खालचे टोक कातडीखालून बाहेरच्या बाजूला, काखेकडे, चांगले चार बोटे सरकले होते आणि माझी सुबक लाल रेषा आता कशाचीच कड नव्हती. हात खाली आला, हाड रेषेत परतले. मी त्याला पुन्हा हात वर करायला लावला. मग बाजूने, मग पाठीमागे नेऊन. प्रत्येक वेळी माझे बोट हाडाबरोबर जात होते आणि रेषा मागे पडत होती. ट्रेमधला खांदा कुठेही जात नाही. शिपायाचा खांदा जाऊ शकत होता, आणि मी त्याला एकदाही हात हलवायला सांगितले नव्हते. पुस्तकात जिथे लिहिले होते तिथे बोट ठेवून मोकळा झालो होतो.

अंधार पडेपर्यंत मी मामाचा हात वरखाली करवत होतो. शेवटी तो म्हणाला, “मले का हापसा समजला काय बे?”

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा. त्या झाडासाठी दिवसभर दोन्ही बाजूंनी गोटे चालतात. मामा मिसरूड फुटल्यापासून दरवर्षी उतरत असे. माझी परीक्षा त्यानंतर दोन दिवसांनी होती. मी त्याच्या पाया पडून रडलो, असे माझा मामेभाऊ सांगतो. मी रडलो नाही. मी वाद घातला.

“मामा, या वर्षी जाऊ नका. तुम्हाला लागलं तर मी परीक्षेला कोणाला नेऊ?”

“अंग माह्यं हाये का तुह्या परीक्षेचं?”

“दोन दिवसांपुरतं माझ्या परीक्षेचं आहे. तुम्ही हो म्हणाला आहात.”

“मी बसतो म्हनलो. घरात कोंडून घेतो म्हनलो नाई.”

मामीला तर ही संधीच वाटली. “ऐका त्याचं. माह्यं तं येवढ्या वर्षांत ऐकलं नाई, भाच्याचं तरी ऐका. भाचा देव असते.”

“देवानं मंग देवळात बसावं,” मामा म्हणाला आणि निघून गेला.

मी मागोमाग गेलो. खेळायला नव्हे, माझ्या मालावर नजर ठेवायला. उकाड्याने मामाने सदरा काढून कमरेला गुंडाळला आणि तेलातल्या गेरूच्या त्या रेषा दोन्ही गावांसमोर उघड्या झाल्या. पलीकडून कोणीतरी ओरडले, “अबे, पांढुर्णावाल्यायनं बैल सजवून पाठवला रे! झूल कुठी हाये त्याची?” अलीकडच्या काठावर मात्र हसण्याऐवजी कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने मला विचारले, “हे रक्षा कोन्या बाबानं काढून देल्ली?” मी म्हणालो, हे ट्रॅपिझियस आहे. त्याने तो मंत्रातलाच शब्द समजून मान हलवली. यंत्राच्या हकीकतीचा जन्म मी असा डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला मामाचे शौर्य किंवा माझी विद्या यांतले काहीच कारण नव्हते. घाम आणि जवसाचे तेल पुरे झाले.

आणि गोटा लागला. एक मांडीवर, एक कोपराला ओझरता आणि तिसरा, जो माझ्या कामाचा होता तो, डाव्या फऱ्याच्या आतल्या कडेवर. पाठीवर कसा लागला, यावर मामा आयुष्यभर तावातावाने बोलत असे: “पाठ दाखवली नाई, गोटा उचलाले वाकलो होतो.” ते खरे आहे; मी बघत होतो. घरी येईपर्यंत तिथे लहान संत्र्याएवढा फुगवटा आला होता आणि वरची कातडी खरचटून रक्ताळली होती. ज्यांना एकही गोटा लागला नाही असे सांगायचे आहे त्यांनी खुशाल सांगावे. तो फुगवटा मी या बोटांनी दाबून पाहिलेला आहे. खालचे हाड शाबूत होते, हात वर जात होता. दुखत होते, पण जात होता.

परीक्षेला दुसरा माणूस शोधायला आता वेळ नव्हता. त्यातच रेषांचे काय करायचे, हे परीक्षेच्या आदल्या सकाळी ध्यानात आले. रेखताना मी फक्त त्या टिकाव्यात एवढेच पाहिले होते. आता उत्तरे पाठीवर घेऊन मी परीक्षेला जाणार होतो. मामीने शिकेकाई लावली, बेसन लावले, शेवटी नारळाची शेंडी घेतली. कातडी लाल झाली, पण रेषा फिकट होऊन तशाच राहिल्या. घासलेट लावू म्हटले तर तिने मला झटकले. “उघड्या जखमेवर घासलेट? तुह्या परीक्षेपायी माह्या मानसाले जाळू का?”

पॅसेंजरने आम्ही नागपूरला गेलो. वाटेत मी मामाला बजावले की, कोणी काही विचारले तर बोलू नका. तो म्हणाला, “मी का बैल हाओ? विचारलं तं सांगीन.”

परीक्षक तेच होते. दालनाबाहेर उमेदवार आणि त्यांनी आणलेली माणसे बाकांवर बसली होती. तो सहाध्यायी माझ्यानंतर होता. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ, एका मिठाईच्या दुकानाचा मालक आणि त्याला शोभेल असाच. माझे नाव पुकारले गेले. मामाने दारातच सदरा काढला आणि त्याची पाठ बाकांवरच्या सगळ्यांना दिसली. मग दार लागले. सहाध्याय्याने पाहिले ते एवढेच, आणि नागपूरची हकीकत इथेच संपते. दाराच्या आत काय झाले ते असे.

परीक्षक मामाच्या मागे जाऊन थांबले.

“हे काय आहे?”

“सर, अभ्यास करताना काढल्या होत्या. निघत नाहीत.”

“स्कॅप्युला, ट्रॅपिझियस, लॅटिसिमस. सगळं तयार आहे. मग तुम्हाला विचारायचं काय?” त्यांनी पेन टेबलावर ठेवले. “याला काय म्हणतात, माहीत आहे ना?”

“बैलाचा रंग हाये साहेब,” मामा म्हणाला. “जवसाच्या तेलातला. मीच सांगतला त्याले.”

मी म्हणालो, “सर, या रेषा चुकीच्या आहेत. त्यांनी हात हलवला की एकही रेषा बरोबर राहत नाही. तुम्ही हात हलवून विचारा.”

ते उत्तर परीक्षकांना पटले की उद्धट वाटले, हे मला कळले नाही. त्यांनी घंटी वाजवली आणि आलेल्या माणसाला टर्पेंटाइन आणि कापूस आणायला सांगितले. जे काम मामीच्या शेंडीने झाले नाही ते टर्पेंटाइनने पाच मिनिटांत केले. डाव्या बाजूला खरचटलेल्या कातडीजवळ कापूस गेला तेव्हा दोनच दिवसांपूर्वी तीन गोटे खाऊन हूं की चूं न केलेला माझा मामा स्टुलावरून उठायला निघाला.

“अबे भाऊ, गोटा परवडला! हे तुमचं तेल नको!”

“हे कशाने लागलं?” परीक्षकांनी विचारले. मामाने सांगितले. परीक्षक त्या भागातले नव्हते. गावे एकमेकांना ठरवून दगड मारतात, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. मग ते माझ्याकडे वळले. पाठ आता कोरी होती, आणि वासाने दालन भरले होते.

“डावी बाजू. आतली कड.”

त्यांनी मुद्दाम डावी निवडली. सुजेखाली कड दिसत नव्हती. उजवीकडे बघून अंदाजाने बोट ठेवणे शक्य होते. मी ठेवले नाही. मी पंजा सपाट ठेवला आणि मामाला म्हणालो, “हात पाठीमागे न्या. कमरेवर. हळू.” त्याने नेला. फऱ्याची कड सुजेच्या वरच्या अंगाने कातडीखाली उठून माझ्या बोटांत आली. मी ती धरली. “आता वर करा.” कड बोटांखालून निघाली आणि मी तिच्याबरोबर गेलो, खालच्या टोकापर्यंत. मामाच्या कपाळावर घाम आला होता, पण हात पुरा वर गेला.

परीक्षकांनी माझ्या बोटाशेजारी आपले बोट ठेवून पाहिले. “लॅटिसिमस?” मी मामाला माझ्या हाताविरुद्ध कोपर खाली ओढायला सांगितले, काखेमागची कड दोरासारखी ताणली गेली. “बस,” ते म्हणाले. “या सुजेवर उपचार काय कराल?”

“ते मला अजून शिकवलेलं नाही, सर.”

त्यांनी पेन उचलले आणि काहीतरी लिहिले. निकाल लागला तेव्हा मी पास होतो. गुण जेमतेम होते, पण तेवढे पुरेसे होते. वडिलांनी बोरगावच्या परिचिताला दुसरा माणूस पाहायला सांगितले.

आता सहाध्याय्याकडे वळतो, कारण त्याने आपल्या मजकुरात एक गोष्ट गाळली आहे. माझ्यानंतर तो आत आला. परीक्षकांनी त्याच्या थोरल्या भावाकडे पाहिले, त्याला सदरा काढायला लावले आणि लगेच परत घालायला सांगितले. मग माझ्याबरोबर निघालेल्या मामाला विचारले, “तुम्ही आणखी थोडा वेळ बसाल का? बाकीच्यांनाही तुमच्यावरच विचारतो.”

“बसतो ना. गाडी संध्याकाळची हाये,” मामा म्हणाला.

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या उमेदवारांची परीक्षा माझ्या मामाच्या कोऱ्या पाठीवर झाली. मी बाहेर बाकावर बसून होतो. तो सहाध्यायी पास झाला; ज्या पाठीला तो आज कॉपी म्हणतो तिच्यावरच झाला. शेवटचा उमेदवार गेल्यावर मामा सदऱ्याची बटणे लावत बाहेर आला. त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता आणि डावा हात त्याने उजव्याने धरला होता. मी विचारले, फार दुखते आहे का.

“दुखून राहिलं. पन तुह्या बाद आला तो गोरा पोट्टा कोन होता बे? त्याचं बोट थंडंगार. तरी त्याले पहिल्याच फटक्यात सापडलं.”

“साहेबांनी त्याला तुमचा हात हलवून पाहायला सांगितलं होतं का?”

“त्यायनं कायले सांगतलं? त्याच्या बोटाचा रोख पाहून मीच हलवला,” मामा म्हणाला. “तुले सापडलं, मंग त्याले काऊन नाई सापडावं.”